आधीची माणसं

मॉरिशसहून परतलेला मराठी माणूस समुद्राच्या रंगाचं वर्णन करून झालं की हमखास तिथल्या ‘आपल्या’ लोकांकडे वळतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीच्या जातकुळीतली झाकरी अजून गायली-नाचली जाते, शाळेत मराठी शिकवतात, खापरपणजोबांचं पहिलं नाव आता आडनाव होऊन बसलंय. ऐकणाऱ्याला अभिमान वाटतो, थोडी हळहळही वाटते. मग ठरलेली कहाणी येते. भूलथापा देऊन नेलं, उसाच्या मळ्यात राबवलं, माणसांनी देव आणि भजनं जपली, मुलांना शिकवलं आणि शेवटी देशाचा कारभार हाती घेतला. कहाणी खोटी नाही. पण ती सुरू होते २ नोव्हेंबर १८३४ला, ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले त्या दिवशी. जणू त्याआधी बेटावर नुसता ऊसच वाऱ्यावर डोलत होता.

तो ऊस कुणीतरी लावला होता. ज्या झोपड्यांत गिरमिटिये (करारावर आणलेले हे मजूर) राहायला गेले त्या कुणीतरी बांधल्या होत्या, आणि त्या रिकाम्या झाल्या म्हणूनच यांना मिळाल्या. मजुरी इतकी कमी का, गैरहजेरीला इतकी जबर शिक्षा का, मळ्याबाहेर पडायला परवाना का, या प्रश्नांची उत्तरं १८३४च्या आधीच्या जवळजवळ दोनशे वर्षांत आहेत. त्या दोनशे वर्षांत जे गुलाम म्हणून राबले त्यांच्यात भारतीयही होते. आपण ही गोष्ट फारशी सांगत नाही, कारण त्यांची गणेश चतुर्थी उरली नाही.

*

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होतं, पण वस्ती कुणी केली नाही. १५९८ साली डच उतरले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्यांनी बेटाला दिलं आणि चाळीस वर्षांनी, १६३८ साली, आग्नेय किनाऱ्यावर पहिली वसाहत टाकली. त्यांना हवं होतं आबनुसाचं काळं लाकूड. जावाहून त्यांनी ऊस आणला, हरणं आणली, आणि मादागास्करहून माणसं आणली. १६४०च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर आद्रियान व्हान डेर स्टेलने शंभराहून थोडे अधिक मालागासी गुलाम उतरवले. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांतले जवळपास निम्मे जंगलात पळाले. थोडेच परत सापडले.

डच काळाचा विषय निघाला की सगळं जग डोडो पक्ष्यासाठी उसासे टाकतं. टाकावेतच. पण डोडो जिथे संपला त्याच जंगलात पळालेली माणसं जगत होती, आणि त्यांच्यातल्या काहींची नावं आपल्याला माहीत आहेत. १६९५ साली फ्रेडरिक हेंड्रिक किल्ल्यातल्या गुलामांनी किल्लाच पेटवून दिला. पकडले गेले त्यांची नावं डच दप्तरात लिहिली गेली ती अशी: अंबोइनाचा आरोन, बटाव्हियाचा पॉल, मलबारचा अँटोनी, बंगालची अ‍ॅना आणि एस्पेरान्स नावाची एक स्त्री. सगळ्यांना मृत्युदंड झाला. बंगालची आणि मलबारची माणसं मॉरिशसमध्ये सत्तेविरुद्ध उठली ती गिरमिटियांचं पहिलं जहाज लागण्याच्या एकशे एकोणचाळीस वर्षं आधी. बेटावरच्या भारतीयांचा इतिहास लिहायचा तर तो निदान इथून तरी धरायला हवा.

डच १७१०मध्ये बेट सोडून गेले. वादळं, उंदीर, दुष्काळ आणि न जमलेला व्यापार ही कारणं. पळालेल्या गुलामांचा त्रासही त्यात होताच.

*

फ्रेंचांनी १७१५मध्ये बेटाचा ताबा घेतला, नाव दिलं ‘ईल द फ्रान्स’, आणि १७२१पासून माणसं आणायला सुरुवात केली. डिसेंबर १७२३मध्ये फ्रान्सच्या राजाने या बेटासाठी आणि शेजारच्या बूरबोंसाठी (आजचं रियुनियन) गुलामांचा कायदा लागू केला. ‘काळी संहिता’ या नावाने तो ओळखला जातो. हा कायदा वाचताना अंगावर येते ती त्याची कारकुनी शिस्त. गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता. गुलाम स्त्रीचं मूल आईच्या मालकाचं, बाप कुणीही असो. गुलामाला स्वतःची मालमत्ता नाही. गोऱ्याचं काळ्याशी लग्न नाही. मालकावर हात उगारून जखम केली तर देहदंड. महिनाभर पळून राहिलेल्याचे कान कापायचे आणि एका खांद्यावर फ्रेंच राजघराण्याच्या फुलाचा डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची, दुसऱ्या खांद्यावर डाग द्यायचा. तिसऱ्यांदा, मृत्यू. मालकाने गुलामाला खायला-ल्यायला द्यावं अशीही कलमं त्यात आहेत. ती कोण तपासणार, हे मात्र मालकांच्याच हाती होतं.

पोर्ट लुईच्या बंदरासमोर माहे द ला बूर्दोने याचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १७३५ ते १७४६ हा त्याचा गव्हर्नरपदाचा काळ. बंदर, गोद्या, पाण्याचे पाट, इस्पितळ सगळं त्याने उभारलं असं पर्यटकांना सांगतात. त्याने आज्ञा दिली, उभारलं गुलामांनी. हा गृहस्थ आपल्या किनाऱ्याला चांगला ओळखीचा होता. मलबारात माहे जिंकण्याच्या मोहिमेत तो होता, आणि गव्हर्नर होण्यापूर्वी काही काळ त्याने गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयची चाकरी केली होती. पाँडिचेरीहून त्याने गवंडी, सुतार असे कारागीर नेले. गुलामांच्या पोटाचा प्रश्न त्याने कसा सोडवला पाहा. ब्राझीलचं मॅनिऑक, म्हणजे ज्यापासून आपण साबुदाणा करतो तो कंद, त्याने बेटावर लावायला लावला. पीक वादळात टिकतं आणि स्वस्त पडतं. आज माहेबूर गावात या कंदाची बिस्किटं खास स्थानिक चीज म्हणून पर्यटक घेऊन जातात.

१७३५मध्ये बेटावर हजारभरही गुलाम नव्हते. १७६७पर्यंत ते पंधरा हजारांवर गेले, शतक संपता संपता एकोणपन्नास हजारांच्या आसपास आणि १८०७मध्ये पासष्ट हजारांवर. गोरे आणि मुक्त मिश्रवर्णीय मिळून त्यांच्या पाव हिश्श्याइतकेही नव्हते. माणसं येत होती ती मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिकहून. मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराचा नकाशा काढला तर गोव्यावर बोट ठेवावंच लागतं.

उरलेले भारतातून. दुष्काळात पोटाला विकलेली मुलं, पळवलेल्या बायका, कर्जापायी गहाण पडलेले लोक चंद्रनगर, पाँडिचेरी, कारिकल, माहे अशा फ्रेंच ठाण्यांवरून जहाजात चढवले जात. बंगालमधून गुलाम बाहेर नेण्यावर कॉर्नवॉलिसने १७८९मध्ये जाहीरनामा काढून बंदी घातली, यावरून तोवर काय चाललं होतं याचा अंदाज यावा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावर सुमारे सहा हजार भारतीय गुलाम होते, म्हणजे दहांत एक. त्यांना बहुधा घरकामाला, स्वयंपाकाला, शिवणकामाला ठेवत. ‘अंगमेहनतीला नाजूक, पण स्वभावाने नरम’ असा त्यांच्याविषयी मालकवर्गाचा समज होता. आफ्रिकन खांद्याला कुदळ आणि भारतीय हाताला सुई ही प्रतवारी बेटावर पुढेही बरीच वर्षं मुरत राहिली.

बेर्नार्दें द सें-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात इथे होता. परत जाऊन त्याने जे प्रवासवर्णन छापलं त्यात गुलामांच्या हालांविषयी संतापाने लिहिलं. पुढे १७८८मध्ये त्याची ‘पॉल आणि व्हिर्जिनी’ ही कादंबरी आली आणि युरोपभर गाजली. त्या कादंबरीतल्या प्रेमी जीवांच्या नावाने बेटावर आजही दुकानं आणि हॉटेलं चालतात. प्रवासवर्णन कुणाला आठवत नाही.

*

पळून जंगलात राहणाऱ्या गुलामाला तिथे ‘मारों’ म्हणत. मॉरिशस लहान बेट आहे, पुण्याकडच्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान. लपायला जागा किती? तरीही माणसं पळतच राहिली. काही दोन दिवसांसाठी, दुसऱ्या मळ्यावरच्या बायकोला किंवा आईला भेटायला. काही कायमची. काहींनी होड्या पळवून मादागास्करची वाट धरली. त्यांना हुडकायला सरकारी तुकड्या होत्या, आणि मारलेल्या मारोंचा हात कापून आणून दाखवला की इनाम मिळे. १८२०च्या दशकात दर वर्षी शंभरातले दहा-बारा गुलाम कधी ना कधी पळालेले असत. गुलाम आपल्या परिस्थितीला सरावले होते असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

नैर्ऋत्येच्या टोकाला ला मॉर्न हा साडेपाचशे मीटर उंचीचा, तिन्ही बाजूंनी तुटलेला बेसाल्टचा डोंगर आहे. मारों त्याच्या माथ्यावर आणि कपारींत राहत. लोककथा अशी की, १८३५मध्ये गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगर चढू लागली, वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. युनेस्कोने २००८मध्ये डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कथा शब्दशः घडली का, यावर वाद घालणं मला निरर्थक वाटतं. जिथे शिपाई दिसणं म्हणजे मरण, हे शंभर वर्षं शिकवलं गेलं तिथल्या माणसांनी ती रचली आहे; एवढं तिच्या खरेपणाला पुरेसं आहे.

मधल्या काळात एक संधी येऊन गेली होती. फ्रेंच क्रांतीनंतर १७९४मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने गुलामगिरी रद्द केली. १७९६मध्ये बाको आणि बुर्नेल हे दोन प्रतिनिधी तो हुकूम घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचे पाईक म्हणवणाऱ्या तिथल्या वसाहतवाल्यांनी दोघांना काही दिवसांतच जहाजावर चढवून परत रवाना केलं. १८०२मध्ये नेपोलियनने गुलामगिरी कायद्याने पुन्हा चालू केली. ईल द फ्रान्समध्ये ती थांबलीच नव्हती.

*

डिसेंबर १८१०मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. स्वारीचा सेनापती जॉन ॲबरक्रॉम्बी हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. तहात फ्रेंच मालकांना त्यांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखण्याची हमी दिली गेली. ‘चालीरीतीं’मध्ये गुलामही आले. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने १८०७मध्येच बंदी घातलेली, पण पहिला इंग्रज गव्हर्नर रॉबर्ट फार्कर याने मालकांशी जमवून घेण्यात शहाणपण मानलं. रात्री किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजांकडे बराच काळ काणाडोळा झाला. बंदीनंतरच्या वीसेक वर्षांत मॉरिशस आणि रियुनियन मिळून हजारो गुलाम चोरून उतरवले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

१८२५ हे साल पर्यटकांना कुणी सांगत नाही, पण मॉरिशसचं आजचं रूप या सालाने घडवलं. त्या वर्षी ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढून तिला वेस्ट इंडिजच्या साखरेच्या पंक्तीला बसवलं. तोवर बेटावर मका, कॉफी, कापूस, नीळ, लवंग असं काहीबाही होतं. आता जिकडेतिकडे ऊस. दहा वर्षांत साखर जवळजवळ तिपटीने वाढली. वाढ कुठून आली? नवे गुलाम चोरूनच येत होते आणि तेही आटत चालले होते. म्हणजे त्याच माणसांकडून तिप्पट काम.

ऊस माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे काम समजावून सांगायला नको. फरक एवढाच की मॉरिशसची जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. आधी दगड वेचायचे, ते उचलून शेतातच रचायचे, मग मधल्या मोकळ्या पट्टीत कुदळीने खड्डे घेऊन बेणं लावायचं. उसाच्या हिरव्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग आजही दिसतात. काही गुलामांनी रचले, काही पुढे भारतीयांनी. कुठला कुणाचा ते ओळखता येत नाही. तोडणी जूनच्या पुढे सुरू झाली की चरक रात्रंदिवस चाले. उकळत्या रसाच्या कढईपाशी झोपेने डुलणारा माणूस कढईत पडे. चरकात हात गेला तर बाकीचा माणूस वाचवण्यासाठी हात तोडायला कोयता जवळ ठेवण्याची पद्धत ऊस पिकवणाऱ्या बहुतेक वसाहतींत होती.

*

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३मध्ये झाला. मॉरिशसच्या मालकांनी आद्रिएँ देपिने या वकिलाला लंडनला पाठवून वाटाघाटी केल्या. त्याचाही पुतळा पोर्ट लुईच्या कंपनी बागेत आहे. १ फेब्रुवारी १८३५ला कायदा मॉरिशसमध्ये लागू झाला. सुमारे सहासष्ट हजार गुलामांपोटी एकवीस लाख पौंडांहून थोडी अधिक भरपाई दिली गेली, माणशी सरासरी तीस-बत्तीस पौंड. ही रक्कम अर्थातच मालकांना मिळाली. गुलामांना पै मिळाली नाही. साम्राज्यभरच्या भरपाईसाठी ब्रिटनने काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश फिटला २०१५मध्ये.

भरपाई घेणाऱ्यांत फक्त गोरे नव्हते. मुक्त झालेले मिश्रवर्णीय आणि त्यांच्यातले काही भारतीय वंशाचे लोकही गुलामांचे मालक होते. १८३०च्या सुमारास पाचांतला एक गुलाम अशा मालकांकडे होता. हे लिहिताना हात अडखळतो, पण ते वगळलं तर बाकीचं लिहिण्याचा अधिकार उरत नाही.

स्वातंत्र्यही लगेच मिळालं नाही. ‘शिकाऊ उमेदवार’ या गोंडस नावाखाली गुलामांना आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबायचं होतं. वर्षानुवर्षं ऊस तोडणारे आता ऊस तोडायला शिकणार होते. ३१ मार्च १८३९ला ही उमेदवारी संपली आणि हजारो माणसं मळ्यांवरून उठून चालू लागली. ‘आळशी, कामचुकार’ असा शिक्का त्यांच्यावर बसला तो आजतागायत पुरता पुसलेला नाही. त्यांच्यातल्या अनेकांना मजुरीवर काम करायचं होतं, पण आपल्या अटींवर, आपल्या दराने. मळेवाल्यांनी मान्य केलं नाही, कारण त्यांना पर्याय सापडला होता.

तो पर्याय म्हणजे आपण. महिना पाच रुपये आणि शिधा, पाच वर्षांचा करार. गुलामांच्या भरपाईतल्या पैशांतून मजूर आणण्याचा खर्च भागवता येत होता. कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही चाल मुक्त मजुराच्या बाबतीत कुणाला सुचली असती? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मजुरीच दिली नव्हती त्यांनाच ती सुचली. मजूर इतके आले की १८६१पर्यंत तीन लाखांच्या लोकसंख्येत जवळजवळ दोन तृतीयांश भारतीय झाले. बंगाल-बिहार आणि मद्रासकडचे जास्त, मुंबई इलाख्यातून तुलनेने थोडे. त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. १८६७च्या कायद्याने छायाचित्र चिकटवलेला परवाना जवळ नसलेला जुना मजूर भटक्या ठरून तुरुंगात जाऊ लागला. १८७१मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन मळेवाल्याने नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज सादर केला, तेव्हा शाही आयोग बसला.

मुंबई इलाख्याचा आणखी एक धागा आहे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी काळ्या पाण्याची शिक्षा म्हणून मॉरिशसला पाठवले गेले. ते रस्ते बांधत. १८३६मध्ये तरुण चार्ल्स डार्विन बेटावर उतरला तेव्हा या कैद्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी त्याला थबकवलं. त्या वेळी गुलाम उमेदवारी भोगत होते, गिरमिटियांची जहाजं येऊ लागली होती आणि कैदी खडी फोडत होते. सक्तीच्या मजुरीचे तीन प्रकार एकाच रस्त्याच्या कडेला त्याला दिसले असणार.

मग गिरमिट ही गुलामगिरीच का? ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७४मध्ये आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरीची नवी पद्धत’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि तेव्हापासून आपल्याकडे दोन्ही एकच मानण्याची सवय लागली. मला ते पटत नाही. गिरमिटियाला करार होता, तो कितीही एकतर्फी असो. अर्ज करता येत होता, परत जाता येत होतं, त्याचं मूल त्याचं होतं. गुलामाचं मूल मालकाच्या यादीत बैलांच्या शेजारी लिहिलं जाई. दोन्ही दुःखं एका मापाने मोजली की आधीच्या माणसांचं दुःख आपल्या दुःखात विरघळून जातं, आणि आपल्या यशाच्या कहाणीत त्यांना जागाच उरत नाही.

*

देशाच्या स्वातंत्र्याबरोबर आलेल्या संविधानाने मॉरिशसच्या लोकांचे चार गट मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. गुलामांचे वंशज, ज्यांना क्रेओल म्हणतात, या चौथ्या गटात मोडतात. फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही त्याच गटात आहेत. दुसऱ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही तो इथे. फेब्रुवारी १९९९मध्ये काया नावाने ओळखला जाणारा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश काही दिवस पेटला. १ फेब्रुवारीला सरकारी सुट्टी मिळाली ती २००१पासून. २००९मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११मध्ये अहवाल दिला. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींत जमिनींच्या तक्रारींचा मोठा गठ्ठा होता. मुक्त गुलामांनी आणि त्यांच्या मुलांनी घेतलेले छोटे तुकडे पुढे कसे हातचे गेले, याच्या त्या कहाण्या.

जमीन परत मागायची तर वंशावळ लागते, आणि इथेच दोन इतिहास वेगळे होतात. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची नोंदणीपुस्तकं जपलेली आहेत: नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, जहाज, आणि पुढच्या काळातल्यांचं छायाचित्रही. मजुरांवर पाळत ठेवायला साहेबाने जे दप्तर बनवलं त्याच्याच आधाराने आज नातवंडं आपलं गाव शोधतात. गुलामांच्याही याद्या आहेत. इंग्रजांनी त्या १८१५च्या सुमारास सुरू केल्या. त्यांत उंची आहे, अंगावरचे व्रण आहेत, मालकाने दिलेलं रोमन देवाचं नाही तर वाराचं नाव आहे. गावाच्या जागी ‘मोझांबिक’, ‘मालागासी’ किंवा नुसतं ‘भारतीय’.

मार्च २०२४मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे पाहुण्या होत्या. भारतीय वंशाच्या मॉरिशसकरांना आता सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकाचं ओळखपत्र मिळू शकेल, असं त्यांनी जाहीर केलं. त्यासाठी भारतातून आलेला पूर्वज कागदावर दाखवावा लागतो. बेटावर उतरवलेल्या हजारो भारतीय गुलामांच्या वंशजांपैकी तो कितीजणांना दाखवता येईल? त्यांची नावं आज फ्रेंच आहेत, भाषा क्रेओल आहे, धर्म बहुधा ख्रिस्ती, आणि सरकारी रकाना ‘सर्वसाधारण’.